मधून कापलेलं झाकण

पेटंट कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या उजव्या हाताला जी खोली होती, तिला सगळे झाकणखाना म्हणत. दारावरच्या पाटीवर वेगळंच काहीतरी लांबलचक लिहिलेलं होतं, पण ती पाटी वाचायला वेळ कुणाला होता? आत बसणारे साहेब वीसहून जास्त वर्षं एकाच वस्तूचे अर्ज तपासत होते. कागदपत्रं स्कॅन करायच्या यंत्राचं झाकण. यंत्र नव्हे, काच नव्हे, आतला दिवा नव्हे. फक्त वरचं झाकण. झाकणात शोध लावण्यासारखं असतंच काय, असं लोकांना वाटतं. साहेबांनाही तसंच वाटायचं, आणि तसं वाटण्याचाच त्यांना पगार मिळायचा.

कारण पेटंट मिळायचं तर वस्तू नुसती नवी असून भागत नाही. त्या कामातल्या सर्वसाधारण माणसाला ती सहज सुचण्यासारखी नसावी लागते. हा जो 'त्या कामातला सर्वसाधारण माणूस' आहे, तो फक्त कायद्याच्या पुस्तकात राहतो. त्याला आपल्या धंद्यातलं सगळं ठाऊक असतं, आजवर छापलेलं सगळं त्याने वाचलेलं असतं, पण कल्पनाशक्तीच्या नावाने शंख. असा माणूस प्रत्यक्षात कुणी पाहिलेला नाही. आमचे साहेब मात्र त्याच्याशी रोजचं उठणंबसणं असल्यासारखे बोलत. समोर अर्ज आला की तो वाचायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "त्यात काय!"

झाकणाला रबराची कड लावली? त्यात काय. झाकण आपोआप हळू मिटतं? त्यात काय, कपाटाची दारं तशी मिटतातच की. मग ते मागच्या खोलीतल्या जुन्या कागदांच्या खणांत शिरत आणि दोन-तीन जुनी पेटंटं शोधून आणत. ती एकमेकांना जोडली की नव्या शोधाची हवा निघून जाई. नकाराच्या आदेशात ते शेवटी एक म्हण हमखास घालत : हातच्या कांकणाला आरसा कशाला. कार्यालयात त्यांचं नाव 'त्यातकाय साहेब' असं पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. वाईट वाटणं तर बाजूलाच, ते थोडे खूषच असायचे.

घरीही हाच खाक्या. बायकोने खुर्च्यांच्या पायांना जुन्या मोज्यांचे तुकडे चढवले, तेव्हापासून खुर्ची ओढल्याचा खरखराट बंद झाला. साहेब म्हणाले, "त्यात काय! कुणालाही सुचलं असतं."

"मग तुम्हाला का नाही सुचलं?"

"मला आवाजाचा त्रास होत नव्हता."

असं सगळं. मेहुणा पत्त्यांची जादू करून दाखवायचा. पत्ता कुठून आला ते साहेबांना जन्मात ओळखता यायचं नाही. पण त्याने युक्ती सांगितली रे सांगितली की हे मान डोलावून मोकळे. एकदा तो वैतागून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही कोड्याचं उत्तर ऐकता आणि मग कोडं सोडवता." साहेब त्यावरही हसले. माणूस वाईट नव्हता हो. भाजी निवडायला बसायचे, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा सांभाळायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. फक्त हे एक अंगात मुरलेलं होतं.

आणि एक अभिमान. नकार मिळालेले अर्जदार अपील मंडळाकडे जात, मग तिथे परीक्षकाला उभं राहून आपला नकार टिकवावा लागे. भल्याभल्या परीक्षकांचे निर्णय तिथे आडवे झालेले. त्यातकाय साहेबांचा एकही निर्णय कधी उलटला नव्हता. एकही नाही! निवृत्ती तोंडावर आली होती आणि निरोप समारंभात संचालक नेमकं याच गोष्टीवर बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी त्या दिवसासाठी नवा कोटही शिवायला टाकला होता. इतक्यात शेवटचं अपील आलं.

अर्जदार होते एक बहीणभाऊ. दोघं मिळून झेरॉक्सचं दुकान चालवायचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जाड पुस्तक उघडून काचेवर पालथं ठेवलं की एका बाजूला पानांचा ढीग असतो आणि दुसऱ्या बाजूला चार पानं. झाकण ढिगावर टेकतं आणि चार पानांची बाजू मोकळीच राहते. तिथलं पान काचेपासून उचलतं, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि शिवणीजवळ काळा पट्टा उमटतो. त्या पट्ट्यात अक्षरं गडप. यावर बहीणभावाचा उपाय काय, तर झाकण मधून कापायचं. दोन अर्धी झाकणं, प्रत्येकाला स्वतंत्र बिजागरी, प्रत्येक जण आपापल्या उंचीवर टेकणार. मधल्या फटीवर एक मऊ कापड ताणून बसवायचं. बस्स.

वाचकहो, तुम्हीही आत्ता मनातल्या मनात 'त्यात काय' म्हणालात. नाही म्हणू नका.

साहेब तर मोठ्याने म्हणाले. त्यांनी खणांतून तीन कागद काढले : एक वरखाली सरकणाऱ्या बिजागरीचं जुनं झाकण, एक जाड ब्रेडवरही सपाट बसणारं सँडविच भाजायचं यंत्र, आणि एक दोन दारांचं कपाट. तिन्ही जोडा, झालं दोन अर्ध्यांचं झाकण. या कामातल्या कुणालाही सहज सुचलं असतं. अर्ज नामंजूर, कांकण, आरसा, सही.

सुनावणीआधी घरी तालीम करायची हा त्यांचा जुना रिवाज. रात्रीची जेवणं होत आली की साहेब जेवणाच्या टेबलाच्या टोकाला उभे राहून आपलं म्हणणं मांडत आणि बायको अपील मंडळ होई. तिला त्यातलं फारसं काही ऐकावं लागत नसे. शेवटी आमटीचा डाव टेबलावर आपटून "अपील फेटाळलं, ताटं उचला" एवढंच म्हणायचं. अर्ज छापून जगजाहीर झालेला असायचा, त्यामुळे गुपिताचा प्रश्न नव्हता. त्या रात्री मेहुणाही जेवायला होता. साहेब रंगात आले होते.

"तेव्हा अध्यक्षबाई," ते डावाकडे बघत म्हणाले, "जाड पुस्तकाखाली काळा पट्टा येतो, ही अडचण. झाकण मधून कापा, हा उपाय. रोज या कामात असलेल्या कुठल्याही सामान्य बुद्धीच्या माणसाला—"

"थांबा," बायको म्हणाली. डाव तिच्या हातातच राहिला. "कसला काळा पट्टा?"

साहेबांनी परत सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

इथे एक सांगायला हवं. साहेबांची बायको जुन्या दप्तरखान्यात नोकरीला होती. तिथे जन्म-मृत्यूच्या नोंदींचे, मोजणीचे, खटल्यांचे उशीएवढे जाड खंड असत, आणि ते पानापानाने स्कॅन करणं हेच तिचं काम. एकोणीस वर्षं. झाकण डाव्या हाताने दाबायचं, उजव्या कोपराने पुस्तकाची हलकी बाजू रेटायची, हनुवटीने कळ दाबायची, आणि तरीही पट्टा आला की परत पहिल्यापासून. तिचा खांदा दुखायचा हे साहेबांना माहीत होतं. संध्याकाळी मलम चोळून देणारेही तेच होते. पण खांदा कशाने दुखतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. वयाने दुखत असेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. जगभरची झाकणं तपासणाऱ्या माणसाच्या घरातच झाकणाने जेरीला आलेलं माणूस बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"मधून कापायचं," ती हळूच म्हणाली. "अगं बाई. मधून कापायचं!" आणि तिला इतका आनंद झाला की ती उठून उभीच राहिली. दोन्ही हात पुढे धरून एक खाली, एक वर असं तिने करून पाहिलं. "दोन्ही बाजू टेकतील. पट्टा येणारच नाही. कुणाच्या डोक्यातून निघालं हो हे?"

"कुणाच्या का निघेना, त्यात काय आहे? सामान्य बुद्धीच्या—"

"म्हणजे माझ्या?"

मेहुण्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो खाली ठेवायचं नावच घेईना.

"तुझ्या नाही गं," साहेब सावरून घेत म्हणाले. "कायद्याच्या दृष्टीने तू त्या कामातली नाहीस. तू वापरणारी. त्या कामातला माणूस म्हणजे झाकणं बनवणारा."

हे बोलायला नको होतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"मी त्या कामातली नाही?" बायको म्हणाली. "एकोणीस वर्षं त्या झाकणावर पडून असते मी! आणि बनवणाऱ्यांचं म्हणाल, तर ते येतात की दर वर्षी आमच्याकडे. आम्ही दर वर्षी तीच तक्रार करतो. एकदा त्यांनी जड झाकण दिलं. एकदा स्पंज लावून दिला. मग स्प्रिंग. मागच्या खेपेला तर वाळूची पिशवी दिली आणि म्हणाले, 'ताई, ही ठेवून बघा.' ते सगळे मूर्ख, मी मूर्ख, आणि तुमचा तो पुस्तकातला माणूस तेवढा शहाणा?"

"मूर्ख असं कुणी म्हटलंय?"

"तुम्ही. सही करून." तिने डाव शांतपणे भांड्यात ठेवला. "सरळ हिशेब आहे. सहज सुचण्यासारखं असेल, तर मी मूर्ख. मी मूर्ख नसेन, तर तुमचा निकाल चुकला. दोन्ही एकदम खरं नाही होऊ शकत. काय ते तुम्ही ठरवा." आणि त्या रात्री मंडळाने अपील फेटाळलं नाही. ताटं साहेबांनीच उचलली.

ती रुसली असती तर साहेबांनी निभावून नेलं असतं. रुसवा काढायचे ठरलेले उपाय त्यांच्याकडे होते. पण ती रुसली नाही, तिने थट्टा आरंभली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "सामान्य बुद्धीच्या बाईने चहा ठेवलाय. सहज सुचलं." संध्याकाळी, "सामान्य बुद्धीच्या बाईला किल्ली सापडत नाहीये, कायद्याच्या दृष्टीने ती कुठे असेल?" मेहुण्याने फोन करून विचारलं, "भाऊजी, मंडळ बसलंय का अजून?" साहेब हसत होते, पण ते हसू ओठांच्या खाली उतरत नव्हतं. बायको मूर्ख आहे असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसतं. आणि निकाल चुकला म्हणावं, तर नोकरीभर जपलेला लौकिक शेवटच्या महिन्यात पुसला जाणार होता. मधला काही रस्ता निघतो का, हे ते शोधत होते.

तो त्यांनी शनिवारी शोधायचं ठरवलं. "मी येतो तुझ्या दप्तरखान्यात," ते म्हणाले. "हे किती सोपं आहे ते तुलाच दाखवतो." पिशवीत त्यांनी वरखाली सरकणारी एक बिजागरी घेतली, घरच्या सँडविच यंत्राची उचकटलेली बिजागरी घेतली, कपाटाच्या दोन बिजागऱ्या घेतल्या, पुठ्ठा, पेचकस, चिकटपट्टी घेतली. योजना अशी होती, की आपण लिहिलेल्या वाटेने पायरी पायरीने जायचं आणि त्या झाकणापाशी पोचून दाखवायचं.

दप्तरखाना तळघरात होता. भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, मधे लांब टेबल, कोपऱ्यात यंत्र, आणि यंत्रापुढे एक खुर्ची जिची डावी बाजू बसून बसून खचली होती. बायकोने एक खंड उचलून काचेवर पालथा घातला. "करा," ती म्हणाली.

साहेबांनी आधी नुसतं दाबून पाहिलं. पट्टा आला. जोर लावून दाबलं. पट्टा अरुंद झाला पण पुस्तकाची शिवण करकरली. "हळू!" बायको ओरडली, "शंभर वर्षांपूर्वीची माणसं आहेत त्यात." मग त्यांनी वरखाली सरकणारी बिजागरी जोडली. झाकण उचललं गेलं, पण अख्खंच. हलकी बाजू होती तशीच मोकळी. मग सँडविचची बिजागरी. तिने झाकण छान सपाट बसलं, पुन्हा ढिगावरच. पट्टा उलट रुंदावला. दुपारपर्यंत त्यांचा शर्ट घामाने भिजला. एकदा पुठ्ठ्याचं झाकण त्यांच्या नाकावर आपटलं, आणि बायकोने इतका वेळ दाबून धरलेलं हसू अखेर सुटलं.

"आता कपाट काढा ना," ती म्हणाली. "दोन दारांचं."

साहेबांनी कपाटाच्या बिजागऱ्या हातात घेतल्या आणि तसेच उभे राहिले. इथे घोडं पेंड खात होतं. समोर एक झाकण होतं आणि एक पुस्तक होतं. या दोघांकडे कितीही वेळ बघितलं तरी कपाट आठवायचं काही कारणच नव्हतं. सुचत होतं ते वजन, स्पंज, स्प्रिंग. वाळूची पिशवीसुद्धा सुचली असती. कपाट त्यांना सापडलं होतं, कारण अर्जात 'मधून कापलेलं' हे शब्द त्यांनी आधी वाचले होते आणि मग मधून कापलेल्या वस्तू शोधायला ते खणांकडे गेले होते. वीस वर्षं ते असंच करत आले होते. सगळेच परीक्षक तसंच करतात. आधी उत्तर वाचायचं आणि मग तिथून मागे चालत यायचं. मागे येताना वाट किती सरळ दिसते!

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. मग बिजागऱ्या पिशवीत टाकत, "तू हे रोज करतेस?"

"रोज."

त्यांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं. त्यांना फार लाज वाटली, आणि ती झाकणाची नव्हती.

पण लाज वाटणं वेगळं आणि भर मंडळात आपल्या हाताने आपला निकाल बुडवणं वेगळं. सोमवारी साहेब खणांच्या खोलीत शिरले ते शेवटची धडपड करायला. या खेपेस त्यांनी उत्तर बाजूला ठेवलं आणि नुसती अडचण घेऊन शोधलं : जाड पुस्तक, काळा पट्टा. कागदांचा हा ढीग निघाला. जड झाकणं, फुगवायची झाकणं, पाणी भरलेली झाकणं, बोटांसारखे दांडे असलेलं एक भयंकर झाकण. कापलेलं एकही नाही. कुणीही, कधीही, कुठेही झाकण कापलं नव्हतं, कारण झाकण म्हणजे एक अखंड वस्तू असं साऱ्या जगाने गृहीत धरलं होतं. आणि त्यातले निम्मे कागद त्यांनी स्वतःच तपासलेले होते.

शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने त्यांची घालमेल ओळखली. "साहेब, उगाच डोकं शिणवू नका," तो म्हणाला. "लिहिलंय ते वाचून दाखवा आणि बसा. मंडळ तुमचंच ऐकतं. महिनाभराने तुम्ही मोकळे." सल्ला चांगला होता. साहेबांनी मान हलवली.

सुनावणीच्या दिवशी बायकोने अर्धी रजा टाकली. "खुली असते ना सुनावणी? मग सामान्य बुद्धीच्या माणसाला येता येईल," असं म्हणून ती मागच्या बाकावर जाऊन बसली. मेहुणाही तिच्या शेजारी. त्यांच्यापुढे ते झेरॉक्सवाले बहीणभाऊ, इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर कापडात गुंडाळलेला नमुना घेऊन. भाऊ सारखा त्या कापडाची गाठ तपासत होता.

अर्जदारांच्या वकीलबाई उभ्या राहिल्या. त्या त्यातकाय साहेबांपुढे आजवर कितीतरी झाकणं हरल्या होत्या, म्हणून या खेपेस त्या पेटून तयारी करून आल्या होत्या. त्यांनी नमुना उघडून दाखवला. आणि घात झाला. कारण नमुना पाहिल्याबरोबर अध्यक्षबाई पुढे वाकल्या, एक अर्धं झाकण उचललं, दुसरं उचललं आणि म्हणाल्या, "हे तर मधून कापलंय फक्त. यात शोध कसला? हे कुणालाही सुचेल." डावीकडचे सदस्य हसले. उजवीकडच्यांनी घड्याळ पाहिलं. झेरॉक्सवाल्या बहिणीचा चेहरा उतरला.

"परीक्षकांना काही जोडायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

'नाही' एवढं म्हटलं की झालं होतं. साहेब उभे राहिले. हातातला कागद त्यांनी पाहिला, उलटा केला आणि टेबलावर ठेवला.

"अध्यक्षबाई, तुम्ही आत्ता जे म्हणालात तेच मी म्हणालो होतो," ते बोलू लागले. "अगदी त्याच सुरात. पण तुम्ही नमुना पाहून म्हणालात आणि मी अर्ज वाचून म्हणालो. आपल्याला दोघांनाही उत्तर आधीच मिळालेलं होतं. मी मग उत्तराशिवाय प्रयत्न करून पाहिला. म्हणजे उत्तर माहीत असताना, माहीत नसल्यासारखा. तरीसुद्धा जमलं नाही. नाकावर आपटून घेतलं." मागून मेहुण्याचा खोकल्यासारखा आवाज आला. "माझ्या नकारात कपाटाचा आधार घेतलाय. झाकणवाल्याने कपाटाकडे का बघावं, याचं कारण मी दिलेलं नाही. ते माझ्याकडे नाही."

अध्यक्षबाई मागे टेकल्या. "म्हणजे आपला निर्णय चुकीचा होता, असं आपण म्हणताय?"

"हो."

"पण नियम सर्वसाधारण माणसाचा आहे. त्याला सुचलं असतं की नाही?"

"तो माणूस मला इतकी वर्षं सापडत नव्हता," साहेब म्हणाले. "आता सापडलाय. या झाकणांबद्दल आजवर छापलेलं सगळं ज्याने वाचलं, आणि ज्याला एक झाकण कापायचं सुचलं नाही, असा माणूस म्हणजे मी. आणि जिने एकोणीस वर्षं रोज ही झाकणं दाबली, जी माझ्यापेक्षा कितीतरी पटीने डोकेबाज आहे, ती मागच्या बाकावर बसली आहे. तिलाही सुचलं नाही. आम्ही दोघं रोज एका टेबलावर जेवतो, अध्यक्षबाई. सहज सुचण्यासारखं असतं, तर आमच्या घरातून कधीच निघालं असतं."

सगळ्यांनी वळून मागे पाहिलं. साहेबांच्या बायकोने पदर सारखा केला आणि ताठ बसली. ती रडतेय की हसतेय हे मेहुण्यालाही कळेना.

मंडळ आत जाऊन लगेच परत आलं. नकार रद्द, पेटंट मंजूर. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले आणि मग भावाने नमुन्याची दोन्ही अर्धी झाकणं आलटून पालटून टाळ्यांसारखी वाजवली. नाराज फक्त एकच व्यक्ती होती. "अध्यक्षबाई," वकीलबाई म्हणाल्या, "पण माझा युक्तिवाद व्हायचाय अजून!"

"तुम्ही जिंकलात. बसा आता."

"बसते," त्या हळहळत म्हणाल्या. "पण तयारी फार केली होती हो."

कोट मात्र वेळेवर शिवून आला. निरोप समारंभात तो साहेबांना थोडा घट्ट झाला, एवढंच. संचालकांनी आधी लिहिलेलं भाषण कामाचं राहिलं नव्हतं. ते म्हणाले, "या गृहस्थांचा निर्णय अपिलात कुणालाही उलटवता आला नाही. शेवटी तो त्यांना स्वतःच उलटवावा लागला." हशा झाला, टाळ्या झाल्या. मग रीतीप्रमाणे त्यांनी साहेबांच्या बायकोला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती नको नको म्हणत उठली आणि ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिल्यावर मात्र चांगली खणखणीत बोलली.

"एवढ्या संसारात यांनी मला हुशार म्हणून एकदाही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "भांडत नाहीये, सांगतेय. मी काहीही केलं तरी ते यांना सोपंच वाटायचं. मला वाटे, मी करते म्हणून सोपं वाटत असेल. पण त्या दिवशी मी मूर्ख ठरू नये म्हणून यांनी नोकरीभर जपलेली एकुलती एक गोष्ट भर सभेत देऊन टाकली. घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आता हुशार नाही म्हटलं तरी चालेल मला. मी भरून पावले."

साहेबांना आभाराचं भाषण करायचं होतं. कोटाच्या खिशात ते घडी करून ठेवलेलं होतं. ते उठले, खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"ती हुशार आहे," ते म्हणाले. "हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. बोलायचं राहून गेलं." एवढं पुटपुटून ते खाली बसले.

"ऐकू नाही आलं हो," मागून सासूबाई ओरडल्या, "परत एकदा सांगा!"

साहेब उठले आणि त्यांनी परत सांगितलं.